चार चॅनलच्या फिती: काय ठेवायचं, कशावर वाजवायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. काका शिकागोला होते. १९७० च्या दशकात त्यांनी जमवलेल्या फितींची खोकी आता नाशिकला तुमच्याकडे आली आहेत. त्यात ७ इंची स्पूल आहेत, काहींवर ‘फोर-ट्रॅक स्टिरिओ’ छापलंय तर काहींवर ‘क्वाड्राफोनिक’. शिवाय एट-ट्रॅक कार्ट्रिजचा, म्हणजे आत फीत असलेल्या बंद डब्यांचा, ढीग आहे. हे सगळं वाजवायचं कशावर, यात मोलाचं काय आणि संग्रह पुढे वाढवावा का, असं तुम्ही विचारलंय.

सगळ्यात आधी एक विनंती: अजून काहीही वाजवू नका. कार्ट्रिज तर नाहीच नाही. कारण पुढे येईल.

आधी खोकी वेगळी करू. ‘फोर-ट्रॅक स्टिरिओ’ वाचून चार स्पीकरची फीत असावी असं वाटतं, आणि जुन्या बाजारात विकणाराही तसंच सांगतो. ती साधी स्टिरिओ फीत असते. पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी रुंदीच्या फितीवर साधारण एकेक मिलिमीटरचे चार समांतर ट्रॅक असतात. स्टिरिओ फितीत १ आणि ३ हे ट्रॅक जाताना वाजतात. स्पूल उलटवला की २ आणि ४ वाजतात, ती झाली दुसरी बाजू. क्वाड, म्हणजे क्वाड्राफोनिक, फितीत चारही ट्रॅक एकाच दिशेने, एकाच वेळी वाजतात: १ वर पुढचा डावा, २ वर मागचा डावा, ३ वर पुढचा उजवा, ४ वर मागचा उजवा. ही मांडणी विचारपूर्वक ठरवलेली आहे. क्वाड फीत साध्या स्टिरिओ डेकवर (फीत वाजवायच्या यंत्रावर) लावली तरी पुढची जोडी नीट ऐकू येते. तीच उलटवून लावली तर मागची जोडी शेवटाकडून सुरुवातीकडे, उलटी वाजते. खोकं हरवलेला क्वाड स्पूल ओळखायची माझ्या लेखी हीच सगळ्यात भरवशाची खूण.

म्हणजे तुमच्याकडचे ‘फोर-ट्रॅक’ स्पूल कुठल्याही चांगल्या स्टिरिओ डेकवर वाजतील. ते चांगलेच असतात. अनेक जण त्याच रेकॉर्डिंगच्या तबकडीपेक्षा ते पसंत करतात, मीही करतो. पण तुमच्या संग्रहातला खरा ऐवज ‘क्वाड्राफोनिक’ छापलेल्या खोक्यांत आहे.

घरी चार स्पीकरवर संगीत ऐकवायचा व्यापार अमेरिकेत सुरू झाला तो फितीवरच. १९६९ साली व्हॅनगार्ड कंपनीने चार चॅनलचे स्पूल विकायला काढले. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये डब्ल्यूजीबीएच आणि डब्ल्यूसीआरबी या दोन एफएम केंद्रांनी मिळून बॉस्टन सिंफनीचे कार्यक्रम चार चॅनलमध्ये प्रक्षेपित केले. दोन चॅनल एका केंद्रावर, दोन दुसऱ्यावर, आणि ऐकणाऱ्याने घरात दोन स्टिरिओ रेडिओ लावायचे. १९७० मध्ये आरसीएने क्वाड एट-ट्रॅक कार्ट्रिज आणलं. तबकड्या त्यानंतर आल्या, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

तबकडीच्या खाचेला दोनच भिंती. त्यात चार चॅनल बसवायचे तर काहीतरी युक्ती हवी. सीबीएसची ‘एसक्यू’ आणि सान्सुईची ‘क्यूएस’ या पद्धतींत चार चॅनल गणिताने दोनांत मिसळले जात आणि घरी डिकोडर ते पुन्हा वेगळे करायचा प्रयत्न करी. प्रयत्नच म्हणायचं, कारण साध्या एसक्यू डिकोडरमध्ये काही दिशांमधला फरक जेमतेम ३ डेसिबल उरे. जेव्हीसीची ‘सीडी-४’ पद्धत वेगळी होती. तिच्यात मागच्या चॅनलची माहिती ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर चढवलेली असे. ती वाचायला शिबाटा नावाची खास घडवलेली सुई लागे, आणि साध्या सुईखाली चारदोनदा वाजलेली तबकडी मागच्या स्पीकरमधून खरखरत असे. फितीला यातलं काहीच नको. चार ट्रॅक, चार अँप्लिफायर, चार स्पीकर. मिक्सिंग करणाऱ्याने जे जिथे ठेवलं ते तिथेच ऐकू येतं. क्वाडच्या काळाबद्दल ज्याला खरी उत्सुकता आहे त्याने तबकड्यांच्या मागे न लागता फितीच धराव्यात असं माझं स्पष्ट मत आहे.

आता या मिक्सबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण संग्रह करायचा तो त्यांच्यासाठी. क्वाड म्हणजे स्टिरिओला मागे दोन स्पीकर जोडले, इतकं सोपं नव्हतं. स्टुडिओतल्या मल्टिट्रॅक (वाद्यागणिक वेगळे ट्रॅक असलेल्या) फितीवरून सगळं मिक्सिंग नव्याने व्हायचं, कधी वेगळा इंजिनिअर ते करायचा. त्यामुळे स्टिरिओत दबलेलं वाद्य इथे एकटं एका कोपऱ्यात उभं राहतं, एखाद्या गाण्याचा शेवट लांबतो, कुठे गायकाचा वेगळाच टेक वापरलेला असतो. पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’चं १९७३ चं क्वाड मिक्स ध्वनी-इंजिनिअर अ‍ॅलन पार्सन्सचं आहे. त्यातला घड्याळांचा गजर त्याने मुळात क्वाडचा प्रभाव दाखवण्यासाठीच रेकॉर्ड केला होता. तो चारही बाजूंनी ऐकल्यावर त्या घड्याळांचं प्रयोजन कळतं.

अभिजात पाश्चात्य संगीतात दोन तट होते. एक तट म्हणे, वाद्यवृंद समोरच राहू द्या, मागच्या स्पीकरमधून फक्त सभागृहाचा घुमारा येऊ द्या. दुसरा ऐकणाऱ्याला थेट वाद्यवृंदाच्या मधोमध बसवी. वाद्यवृंद-संचालक पिएर बूलेझने न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर संगीतकार बार्टोकचा ‘कन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ कोलंबिया कंपनीसाठी असा दुसऱ्या पद्धतीने केला. अनेक समीक्षकांना ते रुचलं नाही, मला मात्र ते अतिशय मोलाचं वाटतं. त्या रचनेत वाद्यांचे गट एकमेकांना जाब देतात, सवाल टाकतात, आणि ते आपल्या भोवती घडताना रचनेची बांधणी उलगडते. काही रचनांना तर चार चॅनल हेच खरं घर आहे. फ्रेंच संगीतकार बर्लिओझने १८३७ च्या ‘रेक्विएम’मध्ये पितळी वाद्यांचे चार ताफे चार कोपऱ्यांत मांडायला सांगितले होते. व्हॅनगार्डने मॉरिस अब्राव्हनेल आणि युटा सिंफनीचं हे रेकॉर्डिंग आपल्या पहिल्या क्वाड स्पुलांत आणलं, ते उगाच नव्हे. जर्मनीत फ्रायबुर्गच्या कॅथीड्रलमध्ये चार ठिकाणी बसवलेले चार ऑर्गन एकाच कन्सोलवरून वाजवता येतात. तिथे ऑर्गनवादक ई. पॉवर बिग्ज यांनी बाखच्या रचना वाजवल्या, त्याही क्वाडमध्ये निघाल्या. हे स्टिरिओत ऐकणं म्हणजे देवळाची प्रदक्षिणा फोटोत पाहणं.

अर्थात सगळंच सोनं नाही. मागणी वाढली तशी काही कंपन्यांनी जुन्या स्टिरिओ मास्टरवर (मूळ फितीवर) प्रतिध्वनी चढवून तो मागच्या चॅनलमध्ये भरला आणि ‘क्वाड’ म्हणून विकला. मागचे दोन चॅनल वेगळे ऐकले की हे लगेच कळतं: तिथे स्वतंत्र असं काहीच नसतं, पुढचंच थोडं धूसर होऊन येतं. असे स्पूल जागा अडवतात, मी ते ठेवत नाही.

आता यंत्र. चार चॅनल एकत्र वाजवणारा डेक लागेल. टीअ‍ॅकचे २३४० आणि ३३४० सगळ्यात जास्त सापडतात. २३४० ला ७ इंची स्पूल लागतो, ३३४० ला साडेदहा इंचीही. सोनी, अकाई, डोकॉर्डर यांचेही येत. तुमचे क्वाड स्पूल बहुधा सेकंदाला साडेसात इंच वेगाचे असतील, तो वेग या दोन्ही टीअ‍ॅकमध्ये आहे. डेक घेताना तीन गोष्टी पाहा.

पहिली, हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग. हे डेक अनेकांनी घरगुती स्टुडिओ म्हणून वर्षानुवर्षं राबवलेले असतात. हेडच्या तोंडावर फितीच्या रुंदीची सपाट खाच पडलेली दिसली आणि तिच्या कडा नखाला अडकल्या, तर ते हेड संपत आलंय. चार चॅनलचं चांगलं हेड आज मिळवणं हे डेक मिळवण्यापेक्षा अवघड आहे.

दुसरी, ‘सिंक’ची बटणं. आधी वाजवलेलं ऐकत नवा ट्रॅक भरता यावा म्हणून या डेकमध्ये रेकॉर्ड हेडमधूनच वाजवायची सोय असते, पण त्यातून वरचे सूर बोथट येतात. क्वाड फीत ऐकताना चारही बटणं साध्या ‘प्ले’ स्थितीत हवीत. एक चॅनल मंद वाटला म्हणून डेक दुरुस्तीला आणणारे पुष्कळ येतात आणि दोष या बटणात निघतो.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि भारतात हमखास दुर्लक्षित: वीज. अमेरिकी डेक ११७ व्होल्टचा, त्यासाठी आपण स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावतो. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. त्या काळच्या बऱ्याच डेकची कॅपस्टन मोटर (फीत ओढणारी मोटर) सिंक्रोनस असते, म्हणजे तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. त्यामुळे साडेसातऐवजी सव्वासहा इंच वेगाने फीत चालते आणि सूर सुमारे तीन अर्धस्वरांनी खाली येतो. काळी चारमधला सा थेट पांढरी चारवर उतरतो. यावर उपाय म्हणजे ५० हर्ट्झची पुली बसवणं. अनेक मॉडेलना ती मिळते किंवा लेथवर करून घेता येते. संगणकावर वेग ६/५ पट करूनही सूर जागेवर आणता येतो, पण डेकच्या इक्वलायझेशनचा (वरच्या-खालच्या सुरांच्या तोलाचा) थोडा फरक राहून जातो. निर्यातीसाठी केलेला, दोन्ही फ्रिक्वेन्सींचा डेक मिळाला तर तोच घ्या.

जुना क्वाड रिसीव्हर शोधायची गरज नाही. मल्टिचॅनल अ‍ॅनलॉग इनपुट असलेला कुठलाही ५.१ रिसीव्हर चालतो. फक्त मागचे स्पीकर सिनेमासाठी ठेवतो तसे बाजूला ठेवू नका. क्वाडचा हिशोब चौकोनाचा आहे: चार एकसारखे स्पीकर खोलीच्या चार कोपऱ्यांत, आणि आपण मध्यभागी.

आता कार्ट्रिज, आणि ती वाजवू नका असं का म्हटलं ते. बिल लिअरच्या कंपनीने १९६० च्या दशकाच्या मध्यात गाडीसाठी हे स्टिरिओ-८ आणलं, १९६६ च्या फोर्ड गाड्यांत ते मिळू लागलं. आत एकच चकती असते. फीत चकतीच्या मध्यातून बाहेर ओढली जाते आणि बाहेरच्या वेढ्यावर परत गुंडाळली जाते, असा अखंड फेरा. वेढे एकमेकांवरून घसरत राहावेत म्हणून फितीच्या पाठीवर ग्राफाइटचा लेप असतो. फेरा जिथे जोडलेला असतो तिथे धातूची छोटी पट्टी लावलेली असते. ती पट्टी आली की डेक हेड सरकवून पुढच्या प्रोग्रॅमवर (एका वेळी वाजणाऱ्या ट्रॅकच्या संचावर) जातो. पन्नास वर्षांत या जोडाचा चिकटपणा संपलेला असतो. डेकमध्ये घातलं की जोड सुटतो, फीत आत खेचली जाते आणि सगळा गुंता होतो. फीत हेडवर दाबणारी स्पंजची गादीही बहुतेक कार्ट्रिजमध्ये पावडर होऊन गेलेली असते. क्वाड कार्ट्रिजमध्ये एका वेळी चार ट्रॅक खर्ची पडतात, त्यामुळे तेवढ्याच संगीताला दुप्पट फीत भरलेली असते आणि ताण आणखी वाढतो.

म्हणून क्रम असा ठेवा: कार्ट्रिज उघडायचं, जोड नव्या सेन्सिंग पट्टीने बांधायचा, गाद्या बदलायच्या, पिंच रोलर (फीत दाबून पुढे नेणारं रबरी चाक) पाहायचा. एट-ट्रॅकमध्ये पिंच रोलर कार्ट्रिजच्या आतच असतो. त्याचं रबर वितळून चिकट झालं असेल तर दुसऱ्या, टाकाऊ कार्ट्रिजमधला चांगला रोलर घालायचा. त्यासाठी चार-पाच नको असलेली कार्ट्रिज जवळ असावीत. मगच वाजवायचं.

क्वाड कार्ट्रिज ओळखणं सोपं आहे: वरच्या एका कोपऱ्यात खाच असते, क्वाड डेक तिच्यावरून स्वतःला बदलून घेतो. साध्या एट-ट्रॅक डेकमध्ये ते घातलं तर पहिल्या दोन प्रोग्रॅमवर पुढचे चॅनल आणि नंतरच्या दोनांवर मागचे ऐकू येतात. असे वेगवेगळे उतरवून संगणकावर जोडायचा मोह आवरा. दोन फेऱ्यांत वेग किंचित वेगळा पडतोच, आणि पुढचं-मागचं एकमेकांवरून सरकत राहतं. ट्रॅक अर्ध्या मिलिमीटरचे असल्याने शेजारच्या प्रोग्रॅमची कुजबुजही येते, ती हेडची उंची जुळवूनच कमी होते. आवाजात कार्ट्रिज स्पूलच्या जवळपासही जात नाही. तरी काही मिक्स फक्त कार्ट्रिजवरच स्वतंत्र चार चॅनलमध्ये निघाले, म्हणून ती ठेवायची.

फितीची तब्येत कशी पाहायची? स्पूल उजेडासमोर आडवा धरा. वेढ्यांतून उजेड आरपार येत असेल तर फीत अ‍ॅसिटेटची. ती सुकून ठिसूळ होते. तिला व्हिनेगरसारखा वास यायला लागला असेल तर लगेच वेगळी ठेवा आणि उतरवायच्या रांगेत पुढे घ्या. उजेड अडत असेल तर बहुधा पॉलिएस्टर. पॉलिएस्टरमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यापासून अ‍ॅम्पेक्स ४०६, ४५६ अशा फितींचा बाइंडर (चुंबकी थर धरून ठेवणारा पदार्थ) हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. फीत हेडवर किंचाळते, काळपट चिखल सोडते. अशी फीत साधारण ५४ अंश सेल्सिअसला आठेक तास बेक केली तर काही आठवडे वाजवण्याजोगी राहते. स्वयंपाकघरातला ओव्हन यासाठी अजिबात चालत नाही. तापमान नेमकं धरणारं इन्क्युबेटर लागतं. अ‍ॅसिटेट कधीही बेक करू नये. कंपनीने भरून विकलेल्या स्पुलांत हा चिकटपणा कमी दिसतो, घरी भरायच्या कोऱ्या फितींत जास्त.

नाशिकची हवा मुंबई-कोकणाच्या मानाने बरी. तरी पहिल्याच पावसाळ्यात बुरशी येऊ शकते. वेढ्यांच्या कडेवर पांढुरके ठिपके दिसले तर तो स्पूल प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून बाकीच्यांपासून दूर ठेवा. डेकवर लावलात तर बुरशी पुढच्या प्रत्येक फितीवर जाईल. निरोगी स्पूल खोक्यात उभे, हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या वाळवत राहा.

वाजवायचं ठरलं की पहिलीच खेप रेकॉर्ड करायची, हा माझा नियम. चार इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, चारही चॅनल एकदम. सुरुवातीला हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून डीमॅग्नेटाइझ करायचं (साठलेलं चुंबकत्व काढायचं), मग त्या फितीपुरता अ‍ॅझिमथ (हेडचा फितीशी असलेला कोन) कानाने जुळवायचा. खोक्यावर डॉल्बीची खूण असेल तर डॉल्बी बी (फितीची खरखर कमी करायची पद्धत) डिकोड करावं लागेल, तेही चारही चॅनलना.

संग्रह वाढवायचा का? वाढवा, पण आधी पाहा की ते मिक्स नव्याने निघालंय का. पेंटाटोनने फिलिप्सची १९७० च्या दशकातली क्वाड रेकॉर्डिंग एसएसीडीवर (अनेक चॅनल मावणाऱ्या उच्च दर्जाच्या सीडीवर) आणली, डटन व्होकॅलियनने इतर अनेक काढली, ऱ्हायनोने शिकागो बँडचे क्वाड अल्बम २०१६ साली ब्लू-रेवर दिले. मास्टरवरून केलेल्या या आवृत्त्या तुमच्या स्पूलपेक्षा स्वच्छ असतील. पैसा आणि हेडचं आयुष्य घालवायचं ते जे कुठेच पुन्हा आलं नाही त्यावर. इनॉक लाइटच्या प्रोजेक्ट ३ कंपनीचे क्वाड स्पूल, व्हॅनगार्डचे सुरुवातीचे स्पूल दिसले की मी थांबतो.

१९५० च्या दशकातले दोन-ट्रॅक स्टिरिओ स्पूल कुठे मिळाले तर तेही घ्या. आरसीएने १९५४ पासून ते विकले, स्टिरिओ तबकडी बाजारात यायच्या काही वर्षं आधी. खोक्यावर ‘स्टॅगर्ड’ असेल तर त्याचे दोन चॅनल सव्वा इंच मागेपुढे भरलेले असतात. आजच्या डेकवर एक चॅनल सुमारे ०.१७ सेकंद मागे पडतो, तो संगणकावर सरकवून घ्यायचा.

आणि शेवटी, काकांनी स्वतः भरलेले स्पूल त्या खोक्यांत आहेत का ते पाहा. त्या काळात अमेरिकेतल्या मराठी घरांत भारतातून आलेल्या गायक-वादकांच्या बैठका होत, आणि कोणीतरी कोपऱ्यात टेपरेकॉर्डर चालू ठेवलेला असे. विकत मिळणाऱ्या क्वाड स्पूलची दुसरी प्रत जगात कुठेतरी असते, बैठकीची नसते. असे स्पूल निघाले तर ते सगळ्यांच्या आधी उतरवायचे. घरी भरलेल्या फिती फीत वाचवायला बऱ्याचदा पावणेचार इंच किंवा त्याहूनही कमी वेगाने भरलेल्या असतात, तेव्हा डेक निवडताना तो वेगही लक्षात घ्या; ३३४० मध्ये पावणेचार नाही, २३४० मध्ये आहे. काकूंना किंवा त्या काळच्या कुणाला विचारून कोण गायलं, साथीला कोण होतं, बैठक कुणाच्या घरी झाली हे आत्ताच लिहून घ्या. मग फितीचा ब्रँड आणि खोक्यावरचं लिखाण यांचे फोटो पाठवा, कुठली फीत बेक करावी लागेल ते मी त्यावरून सांगेन.